देवाच्या घराचा कारभार

पनवेल हें खाडीच्या टोंकाशीं वसलेलें जुनें बंदर होय. मुंबईहून गलबतांनीं आलेला माल येथें उतरे, आणि १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर तो येथूनच पुण्याकडे जाऊं लागला. व्यापाराचें गांव म्हणून त्याची ख्याति होती. १८५२ सालीं तेथें नगरपालिकाहि स्थापन झाली. परंतु त्याच्या आधीं तीन वर्षें, म्हणजे १८४९ सालीं, या गांवांत आणखी एक संस्था उभी राहिली होती. ती म्हणजे बेनेइस्रायल समाजाचें प्रार्थनामंदिर. त्याचें नांव 'बेथ एल'. हिब्रू भाषेंत या शब्दांचा अर्थ 'देवाचें घर' असा होतो.

या नांवामागें एक प्राचीन कथा आहे. यहुदी आणि ख्रिस्ती हे दोन्ही समाज ज्याला पवित्र मानतात त्या उत्पत्तीच्या ग्रंथांत ती आली आहे. भावाच्या क्रोधाला भिऊन याकोब घर सोडून निघाला. वाटेंत रात्र झाली, तेव्हां धोंड्याची उशी करून तो उघड्यावर निजला. स्वप्नांत त्याला स्वर्गापर्यंत पोंचलेली शिडी दिसली. सकाळीं उठून त्यानें त्या जागेला 'बेथेल' असें नांव दिलें आणि नवस केला कीं, देवानें अन्नवस्त्र देऊन सुखरूप परत आणलें, तर जें कांहीं मिळेल त्याचा दहावा हिस्सा देवाला अर्पण करीन. हा नवस करतांना याकोबापाशीं हातांतल्या काठीखेरीज फारसें कांहीं नव्हतें. देवाचें घर आणि दशांश या दोन कल्पना या कथेंत एकाच जागीं आल्या आहेत; आणि दशांश कबूल करणारा मनुष्य धनिक नव्हता, निराश्रित वाटसरू होता, ही गोष्ट विसरतां कामा नये.

देवाच्या घराचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न प्रत्येक धर्मसमाजापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतोच. दिवाबत्ती, डागडुजी, उपदेशकाचें वेतन, गोरगरिबांचें साह्य, या गोष्टी नुसत्या भक्तिभावानें होत नाहींत. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळ्यांना तर या प्रश्नानें दीर्घकाळ सतावलें आहे. त्याचा विचार करतांना पनवेलच्या या लहानशा मंदिराचें उदाहरण बरेंच उद्बोधक ठरतें.

बेनेइस्रायल लोक कोंकणांत केव्हां आले याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यास लागले. पुढें पिढ्यान् पिढ्या हे लोक घाण्यावर तेल काढून उपजीविका करीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर हीं त्यांचीं आडनांवें कोंकणांतील गांवांवरूनच पडलीं आहेत. मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं बांधलें गेलें. तें बांधणारा सामाजी हसाजी दिवेकर हा कंपनीच्या पलटणींतील देशी अंमलदार होता. म्हैसूरच्या युद्धांत तो शत्रूच्या कैदेंत सांपडला आणि सुटका झाल्यास देवाचें घर बांधीन असा नवस त्यानें केला, असें परंपरा सांगते. लोक या मंदिराला 'जुनी मशीद' म्हणूं लागले. त्यानंतर १८४८ सालीं अलिबागेस, १८४९ सालीं पनवेलीस आणि १८६३ सालीं पेणेस अशीं एकामागून एक मंदिरें झालीं.

या मंदिरांचा कारभार समाजाच्या पंचांकडे असे. मुकादम हा प्रमुख, गब्बाय हा खजिनदार, हज्जान हा उपासना चालविणारा आणि समाश हा मंदिराची देखभाल करणारा. घरांत लग्न झालें किंवा मुलाची सुंता झाली म्हणजे मंदिरासाठीं देणगी काढून ठेवण्यांत येई. सणाच्या दिवशीं धर्मग्रंथाची पेटी उघडण्याचा अथवा ग्रंथाची गुंडाळी बाहेर आणण्याचा मान मिळविण्यासाठीं बोली लागे, आणि ती रक्कम खजिन्यांत जमा होई. आपल्याकडील उत्सवांत मानाच्या नारळाचा लिलाव होतो, त्यांतलाच हा प्रकार. या पद्धतींत ज्याची थैली मोठी त्याचा मान मोठा होण्याचें भय आहे, हें खरें. तथापि तिच्यायोगें एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. मंदिर कोणाचें, असा प्रश्न तेथें कधीं उद्भवला नाहीं. ज्यांनीं वर्गणी दिली त्यांचेंच तें होतें.

मराठी ख्रिस्ती मंडळीचा आरंभ निराळ्या परिस्थितींत झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. १८३१ सालीं त्यांच्या मिशननें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ठाणें घातलें आणि १८३३ सालीं तेथें पहिली मंडळी स्थापन झाली. देऊळ, शाळा, छापखाना, उपदेशकांचा पगार, हा सारा भार समुद्रापलीकडून येणाऱ्या पैशावर होता. तो पैसा अमेरिकेंतील सामान्य भाविकांनीं आपल्या मिळकतींतून काढून दिलेला असे.

या परावलंबनाबद्दल त्या काळच्या मराठी ख्रिस्ती लोकांना दोष देणें अन्यायाचें होईल. बाप्तिस्मा घेणारा मनुष्य त्याच दिवशीं जातीबाहेर पडे. त्याचें घर सुटे, धंदा बुडे, वडिलार्जित मिळकतीवरचा हक्कहि जाण्याचा प्रसंग येई. धर्मांतरामुळें वारसाहक्क नष्ट होऊं नये असा कायदा झाला तो १८५० सालीं. तोंपर्यंत, आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें, मिशनचा आधार हाच त्यांचा एकमेव आधार होता. परंतु आपत्कालीं घेतलेल्या कुबडीची पुढें संवय जडते. उपदेशकाला पगार देणारा परदेशीं, म्हणून उपदेशक जबाबदार परदेशियाला. देवळाचें छप्पर गळूं लागलें तर अर्ज साहेबाकडे. आणि मंडळीचे सभासद मात्र आपल्याच देवळांत पाहुणे. १८३७ सालीं अमेरिकेंत मोठें आर्थिक अरिष्ट आलें आणि तेथील बोर्डाला आपल्या ठाण्यांवरचा खर्च कमी करावा लागला. दुसऱ्याच्या सुबत्तेवर उभारलेलें काम किती कच्चें असतें, याचा तो धडा होता.

याच सुमारास स्कॉटलंडांत एक विलक्षण घटना घडली. मंडळीच्या कारभारांत जमीनदारांचा आणि सरकारचा हात नसावा, या तत्त्वासाठीं १८४३ सालीं साडेचारशेंहून अधिक पाळकांनीं सरकारमान्य मंडळी सोडली. त्यांनीं पगार सोडले, राहतीं घरें सोडलीं, देवळेंहि सोडलीं. त्यांचे पुढारी डॉ. थॉमस चामर्स यांनीं एक मध्यवर्ती निधि उभारला. श्रीमंताच्या एका मोठ्या देणगीपेक्षां हजारों गरिबांच्या आठवड्याच्या पैशावर त्यांचा भरंवसा अधिक होता. जी मंडळी सधन असेल तिनें अधिक घालावें आणि दुर्बळ मंडळीच्या पाळकालाहि त्यांतून वेतन मिळावें, अशी ती योजना होती. ती यशस्वी झाली. मुंबईंत डॉ. जॉन विल्सन यांनींहि याच पक्षाची बाजू घेतली आणि कष्टानें उभारलेल्या शाळेच्या इमारतीवर पाणी सोडून पुनश्च प्रारंभ केला.

पुढें अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनीं या अनुभवांना शास्त्राचें रूप दिलें. मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा आणि आपल्या धर्माचा प्रसार आपण करावा, अशी त्यांची त्रिसूत्री होती. इंग्लंडांत हेन्री व्हेन हेहि तेंच सांगत होते. १८५४ सालीं अँडरसन स्वतः हिंदुस्थानांत आले. त्याच वर्षीं अहमदनगर येथें हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी गृहस्थांना पाळकाची दीक्षा देण्यांत आली. पनवेलचें मंदिर उभें राहून त्या वेळीं पांच वर्षें झालीं होतीं. कोंकणांतील तेली-शिपायांनीं जें आपल्या रीतीनें केलें होतें, तें करण्याचा संकल्प देशावरील ख्रिस्ती मंडळीनें आतां सोडला.

संकल्प सोडणें सोपें, तडीस नेणें कठीण. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यांत जे लोक मंडळींत आले त्यांतील बहुतेक गांवकुसाबाहेरचे, बलुत्यावर जगणारे होते. ज्याच्या हातांत रोकड क्वचितच येई तो रोकड वर्गणी कोठून देणार? कापणीच्या सणाला म्हणूनच मराठी मंडळ्यांत फार महत्त्व आहे. त्या दिवशीं कोणी पायलीभर ज्वारी आणतो, कोणी कोंबडी, कोणी भोपळा, कोणी चार अंडीं. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामीं लागतात. देणाऱ्याचें दारिद्र्य येथें आड येत नाहीं. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचें दान ख्रिस्तानें सर्वांत मोठें कां मानलें, तें शेतकऱ्याला या सणांत न सांगतां समजतें.

कवि नारायण वामन टिळक यांनीं हा प्रश्न स्वतःच्या आयुष्याला लावून पाहिला. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि पुष्कळ वर्षें अमेरिकन मिशनची नोकरी केली. परंतु १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही स्वतंत्र चळवळ सुरू केली. १९१९ सालीं ते वारले. चळवळीला पुरतें बाळसें धरण्यास वेळच मिळाला नाहीं. पण भारतीय मंडळीनें परक्या वेतनावर विसंबूं नये, ही त्यांची शिकवण मागें राहिली.

या शिकवणीच्या मुळाशीं असलेली कल्पना मराठी माणसाला परकी नाहीं. मराठी बायबलांत दानधर्माच्या संदर्भांत 'कारभारी' हा शब्द येतो, आणि कारभारी म्हणजे काय हें पेशवाईचा इतिहास जाणणाऱ्याला वेगळें सांगावयास नको. १७७४ सालीं सवाई माधवरावांचा जन्म झाला. चाळीस दिवसांच्या त्या बालकाला पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं आणि बारभाईंनीं त्याच्या नांवानें राज्य चालविलें. खजिना त्यांच्या हातीं होता, शिक्काहि त्यांच्या हातीं होता. पण दौलत त्यांची नव्हती. हिशेब धन्याला द्यावयाचा होता. मनुष्याचें द्रव्य, वेळ आणि बुद्धि हीं याच अर्थानें देवाचीं, मनुष्य केवळ कारभारी, असें ख्रिस्ती शास्त्र सांगतें. दशांश देऊन उरलेले नऊ हिस्से आपले झाले असें समजणारा मनुष्य कारभारीपण समजलाच नाहीं.

कारभारीपणाबरोबर हिशेब आलाच. यरुशलेमच्या गरिबांसाठीं वर्गणी गोळा करतांना संत पौलानें दोन नियम पाळले. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं ज्यानें त्यानें आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूला ठेवावें, हा पहिला. आणि जमलेली रक्कम एकट्यानें नेऊं नये, मंडळ्यांनीं निवडलेलीं विश्वासू माणसें बरोबर असावींत, म्हणजे कोणाला बोट दाखवावयास जागा राहणार नाहीं, हा दुसरा. पहिला नियम महाराष्ट्रानें निराळ्या क्षेत्रांत अनुभवला आहे. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं मुष्टिफंड काढला. घरोघरच्या मूठभर धान्यावर गरीब मुलांचीं वसतिगृहें चाललीं. दुसऱ्या नियमाला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानें या राज्यांत सक्तीचें रूप दिलें. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, विश्वस्तांनीं नोंदणी करावी आणि हिशेब तपासून घ्यावे, असें त्यानें ठरविलें. पुष्कळदां उपदेशक दानाच्या उदासीनतेबद्दल सभासदांना बोल लावतात. परंतु जेथें वर्षाचा हिशेब सर्वांपुढें वाचला जातो तेथें हात आखडता राहत नाहीं, आणि जेथें वाचला जात नाहीं तेथें कितीहि गोड उपदेश केला तरी थाळी हलकीच फिरते.

१९४८ नंतर बेनेइस्रायल समाजाचा मोठा भाग इस्रायलास गेला. कोंकणांतील गांवांत त्यांचीं घरें थोडीं उरलीं. तरीहि पनवेलचें बेथ एल आज उभें आहे. ज्यांच्या वाडवडिलांनीं तें बांधलें त्यांनीं तें टाकून दिलें नाहीं. इकडे १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवीन पनवेलची वसाहत वाढली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचीं नवीं चर्चेंहि या परिसरांत झालीं. त्यांतील सभासद नोकरदार आहेत, दरमहा पगार घेणारे आहेत. दुष्काळांतून आलेल्या नगरच्या शेतमजुराला जी सबब होती ती त्यांना नाहीं. भिंती कर्जानें उभारतां येतात, दूरच्या देणगीनेंहि उभारतां येतात; पण त्या भिंतींच्या आंत सभासदांनीं पाहुणे म्हणून बसावयाचें कीं घरचे म्हणून, हें त्यांचे त्यांनींच ठरवावयाचें आहे. बाजारपेठेच्या गजबजाटांतलें एक जुनें प्रार्थनामंदिर त्यांच्यापासून फार दूर नाहीं. त्याच्या नांवाचा अर्थ आणि त्या नांवामागचा वाटसरूचा नवस, हे दोन्ही त्यांच्याच पवित्र ग्रंथांत लिहिलेले आहेत.