अहमदनगर किल्ल्यातील लेखन (१९४२–४५)

‘छोडो भारत’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. बंदिवासाच्या अडीच वर्षांहून अधिक काळात त्यांपैकी अनेकांनी नेमाने लेखन केले, आणि त्यातून जवाहरलाल नेहरूंचा ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’, मौलाना आझादांचा उर्दू पत्रसंग्रह ‘गुबार-ए-खातिर’ यांसारखी पुस्तके निघाली. किल्ल्याची ओळख सांगताना बहुधा नेहरूंच्या ग्रंथापाशी थांबले जाते. पण लिहिणे हीच मन ठिकाणावर ठेवण्याची साधना कशी होते, हे पाहायचे तर आझादांची पत्रे अधिक जवळची आहेत.

किल्ल्यात एकूण बाराजण होते : आझाद, नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंदवल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले होते. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रे बंद होती आणि घरची पत्रेही बंद होती. खटला नाही, त्यामुळे शिक्षेची मुदत नाही. सुटकेचा दिवस ठाऊक नसलेल्या माणसाला दिवसाला आकार द्यावा लागतो, तो येथे प्रत्येकाने आपापल्या परीने दिला.

आझादांचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होई. स्वतःच्या हाताने ते चहा करीत. तो चिनी, मोगऱ्याच्या वासाचा असे. दूध घातलेल्या पेयाला चहा म्हणायला ते तयार नव्हते, आणि या विषयावर त्यांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. बाकीची बराक झोपलेली असताना, एकेक घोट घेत ते आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहीत. पत्र टपालात पडणार नाही हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. तरी मायना, तारीख, वेळ सारे यथासांग असे. न धाडायच्या पत्रात वाचकाला पटवण्याची घाई नसते. म्हणून ईश्वराच्या अस्तित्वापासून संगीतापर्यंत विषय मनाला येतील तसे येतात. किल्ल्यातले पहिलेच पत्र १० ऑगस्ट १९४२ चे आहे. त्यात निजामशाही, चांदबिबी आणि अब्दुर्रहीम खानखाना यांची आठवण निघते. आपल्याला जिथे कोंडले आहे ती जागा आधी इतिहासात कुठे बसते, हे पाहून घेण्याची ती रीत होती.

खोलीच्या छतात घरटी करणाऱ्या चिमण्यांवरची पत्रे या संग्रहात सर्वाधिक वाचली जातात. आधी बांबू घेऊन त्यांना हुसकावण्याची मोहीम निघते, ती फसते, मग जमिनीवर तांदूळ टाकले जातात, आणि हळूहळू चिमण्या हातावर येऊन दाणे टिपू लागतात. मोती, कलंदर, मुल्ला, सूफी अशी नावेही त्यांना मिळतात. चित्रकार वहीत रोज एकच वस्तू काढत बसतो, तितक्या बारकाईने येथे पाहणे चालले आहे. फरक इतकाच, की रेघ शब्दांची आहे.

या नेमाची खरी कसोटी १९४३ च्या एप्रिलमध्ये लागली. पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात मरणशय्येवर होत्या. आझादांनी सरकारकडे सवलत मागायला नकार दिला. ९ एप्रिलला झुलेखा बेगमांचे निधन झाले. ११ एप्रिलच्या पत्रात आझाद सांगतात, की त्या दिवसांत जेवणाची वेळ, बोलण्याचा सूर, काहीच आपण बदलू दिले नाही. पण त्या शांतपणात दिखाव्याचा भाग होता, हेही ते कबूल करतात. एरवी बरेच पाल्हाळ करणारी त्यांची लेखणी येथे आखडती होते. रोज लिहिल्याने दुःख हलके होते असे सर्रास म्हटले जाते. या पत्रात तसे काही घडलेले दिसत नाही. उलट आपल्या धीराचा हिशेब आपणच तपासण्याइतके मन उघडे झालेले दिसते.

नेहरूंचा मार्ग वेगळा. त्यांनी रोजनिशी ठेवली, पण ग्रंथाला हात घालायला वीस महिन्यांहून अधिक काळ घेतला. तोवर ते कुदळ घेऊन बागेत खणत. त्या खणण्यात जुन्या भिंतींचे पाये लागले, आणि ती हकिगत पुस्तकाच्या आरंभीच आली आहे. पुढे एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत सुमारे हजार हस्तलिखित पाने झाली. आझाद, पंत, नरेंद्र देव व असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण त्यांनी मानले, आणि अर्पणपत्रिकेत साऱ्या सहबंद्यांना स्थान दिले. नरेंद्र देव ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाचे फ्रेंचवरून हिंदी भाषांतर करीत होते. महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला, तर सीतारामय्यांचे टिपणवजा पुस्तक ‘फेदर्स अँड स्टोन्स’ नावाने आले.

मराठी वाचकाला तुरुंगातले लेखन नवे नाही. टिळकांनी मंडालेत १९१०–११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहिले, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’. परंतु ते ग्रंथ वाचकासाठीच योजलेले होते. समर्थांच्या ‘दासबोधा’तील लेखनक्रियेवरचा समास (दशक १९, समास १) अक्षर, ओळ, कागद व शाई यांची निगा हीच शिस्त मानतो, आझादांच्या पहाटेच्या नेमाशी त्याचे नाते अधिक जुळते.

किल्ल्यापासून काही किलोमीटरवर, दौंड रस्त्यावरील अरणगावात, लिहिण्याच्या या साधनेच्या नेमके उलटे, लेखन सोडण्याचे उदाहरण घडले होते. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी तेथे १० जुलै १९२५ पासून मौन धरले. ते एका लहानशा लाकडी खोलीत बसून ग्रंथ लिहीत. जानेवारी १९२७ मध्ये त्यांनी लेखनही सोडले. त्यानंतर १९५४ पर्यंत ते अक्षरफळ्यावर बोट ठेवून बोलत. तो ग्रंथ कधी प्रसिद्ध झाला नाही.

मार्च १९४५ च्या अखेरीपासून नगरचे बंदी इतर तुरुंगांत हलवण्यात आले. आझाद बांकुड्याला गेले, नेहरू बरेलीमार्गे अलमोड्याला. १५ जून १९४५ रोजी दोघे सुटले. ‘गुबार-ए-खातिर’ १९४६ मध्ये आझादांचे सचिव अजमल खान यांनी प्रसिद्ध केले. मालिक राम यांनी संपादित केलेली आवृत्ती पुढे साहित्य अकादेमीने काढली. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून बंद्यांच्या खोल्यांचा भाग जतन केलेला आहे.