पिशवीमागे 15 सेंट

आयर्लंडमध्ये 4 मार्च 2002 पासून दुकानातल्या प्रत्येक प्लास्टिक पिशवीमागे 15 सेंट मोजावे लागू लागले. त्याआधी माणशी वर्षाला सुमारे 328 पिशव्या खपत, आणि त्यांतल्या कितीतरी कुंपणांत, झुडपांत नि समुद्रकिनाऱ्यांवर अडकून फडफडत राहत.

पर्यावरणमंत्री नोएल डेम्प्सी यांच्या या योजनेचं खरं शहाणपण, कर कुठे बसवायचा, यात होतं. डेन्मार्कने 1994 मध्ये असा कर पिशव्या दुकानात पोचण्याआधीच वसूल केला. गिऱ्हाइकाला तो थेट दिसत नसे. आयर्लंडमध्ये पैसे गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचे, दुकानदाराने पदरचे भरायचे नाहीत आणि पावतीवर वेगळे दाखवायचे, असा नियमच झाला. मासे, मटण, सुटी फळं यांच्या छोट्या पिशव्यांना सूट होती. 70 सेंट किंवा जास्त किमतीच्या, पुन्हा वापरायच्या पिशव्यांनाही. जमा रक्कम पर्यावरण निधीत गेली.

वापर माणशी 21 पिशव्यांवर आला! लोक घरूनच टिकाऊ पिशव्या आणू लागले.

मात्र सवय सैल पडते. आकडा पुन्हा 30च्या वर सरकला, तेव्हा सरकारने 1 जुलै 2007 पासून कर 22 सेंट केला.