'बाई' ते 'दिठी': विचित्र निर्मितीची वाटचाल

सिनेमात अबोध मन आलं ते बहुतेकदा रहस्यकथेचं बोट धरून. हिचकॉकने १९४५ मध्ये 'स्पेलबाउंड'साठी साल्वादोर दालीकडून स्वप्नदृश्य करून घेतलं. दडपलेली आठवण वर आली की रोगी बरा, हे गणित तेव्हापासून पडद्यावर पक्कं झालं. पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'विचित्र निर्मिती' या चित्रपटसंस्थेने मात्र या गणिताची वाट सोडली.

भावे मुळात समाजकार्य शिकवणाऱ्या. वस्तीतल्या बायकांवर केलेलं संशोधन त्या बायकांपर्यंत पोचावं, म्हणून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट झाला. पुढे 'दोघी', 'वास्तुपुरुष'. मनाच्या आजाराला थेट हात घातला तो २००४ च्या 'देवराई'त. स्किझोफ्रेनियावर जनजागृती करणारे कॅलगरीचे डॉ. जगन्नाथ वाणी पाठीशी होते. अतुल कुलकर्णीच्या शेषचे भास आणि गावचं राखीव रान एकमेकांत असे गुंततात की वेगळे काढता येत नाहीत. जंगल म्हणजे अबोध मन, असं मानसशास्त्रज्ञ युंग म्हणे. पण देवराईत कुऱ्हाड घेऊन जायचं नसतं, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं! गंमत म्हणजे, या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण विभागात.

मग मनोविकारतज्ज्ञ आणि नट असलेले डॉ. मोहन आगाशे निर्माते म्हणूनही सोबत आले. 'अस्तु'त स्मृती हरवलेले चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना भरवते, निजवते आणि त्या वृद्ध पंडिताला तिच्यात आई सापडते. युंगच्या आदिमातेवर कुणी भाषण देत नाही. 'कासव'मध्ये जीव द्यायला निघालेल्या तरुणाला जानकी आसरा देते, पण खोदून खोदून विचारत नाही. किनाऱ्यावर कासवाची पिल्लं आपली आपण पाण्याकडे सरकत असतात. ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं. 'देवराई'त अधूनमधून शिकवणी डोकावते; 'कासव'मध्ये ती पुरती गळून पडली आहे, म्हणून मला तो सरस वाटतो.

भावे १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. मुलाच्या मृत्यूने कोसळलेल्या रामजी लोहाराची 'दिठी' त्यानंतर साधारण महिन्याभराने सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर आली.

मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे. फ्रॉइड-युंग शिकवताना तिथल्या अध्यापकांनी हे चित्रपट एकदा वर्गात लावावेत.