मेंढीच्या कमरेवर हात ठेवा, कोकरांचा हिशेब कळेल : आहार, अंगकाठी आणि प्रजननाचं शास्त्र

मेंढी गाभण राहणार का, राहिली तर एक कोकरू देणार की दोन, आणि झालेली कोकरं जगणार का, याचा बराचसा निकाल नर लागायच्या दिवशी तिच्या कमरेवर किती मांस आणि चरबी आहे यावर ठरतो. गेली साठ वर्षं ऑस्ट्रेलिया, स्कॉटलंड, अमेरिका आणि आपल्याकडे राजस्थान व फलटण इथं झालेल्या संशोधनाचं सार एवढंच आहे. घोडीलाही हाच नियम लागू पडतो, फक्त तिचं गणित थोडं वेगळं आहे.

दख्खनी मेंढीला राज्याची हद्द ठाऊक नाही. महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि तेलंगणात धनगर, कुरुब आणि कुरुमा समाज तीच मेंढी राखतो. सीमाभागात तिला सरसकट ‘बकरी’ म्हणतात आणि खतासाठी शेतात ‘बकरी बसवतात’. पडीक रानं उसाखाली गेली, चराई आक्रसली. आता विकतचा खुराक घालायचा तर तो कधी आणि कुठल्या जनावराला, हा प्रश्न थेट खिशाशी जोडलेला आहे.

वजनकाटा नको, हात पुरे

लोकरीखाली मेंढी भरलेली आहे की खंगलेली, हे नजरेला कळत नाही. वजनही फसवं असतं. मोठ्या हाडाची उपाशी मेंढी आणि लहान हाडाची धडधाकट मेंढी काट्यावर सारखीच भरते. यावर ‘बॉडी कंडिशन स्कोअर’ ही ० ते ५ गुणांची पद्धत १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात मांडली गेली. १९६९ मध्ये स्कॉटलंडच्या रसेल, डोनी आणि गन या संशोधकांनी मेंढ्यांना जिवंतपणी हाताने दिलेले गुण कत्तलीनंतर मोजलेल्या चरबीशी ताडून पाहिले. हाताचा अंदाज चांगलाच जुळला.

शेवटच्या बरगडीच्या मागे आणि पुठ्ठ्याच्या हाडापुढे, म्हणजे कमरेवर, हात ठेवायचा. मधला कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निघालेली आडवी हाडं बोटांनी चाचपायची.

• गुण १ : कणा टोकदार लागतो, आडव्या हाडांच्या खाली बोटं सहज जातात.
• गुण २ : हाडं जाणवतात, पण टोकं गुळगुळीत. बोटं खाली घालायला थोडा दाब लागतो.
• गुण ३ : कणा गोलसर, आडव्या हाडांची टोकं जोर दिल्यावरच लागतात.
• गुण ४ : दाबल्यावर कणा रेघेसारखा जाणवतो, आडवी हाडं लागत नाहीत.
• गुण ५ : दाबूनही हाड सापडत नाही, कण्याच्या जागी घळ पडलेली असते.

शून्य गुण म्हणजे निव्वळ हाड-कातडं. गुण अडीच, साडेतीन असे अर्ध्यातही देतात. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं मालपुरा जातीच्या मेंढ्यांवर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उष्ण, कोरड्या मुलखात ३ ते ३.५ गुण सर्वांत फायद्याचे ठरले. त्यावर चरबी चढवण्यात केलेला खर्च कोकरांच्या रूपानं परत येत नाही.

उपाशी मेंढीचा माज का हरवतो?

शरीरात चरबी किती आहे याची खबर मेंदूला सतत मिळत असते. चरबीतून सुटणारं लेप्टिन, तसंच रक्तातलं इन्सुलिन आणि साखर हे त्याचे निरोपे. साठा आटला की मेंदू अंडाशयाला चालना देणारे संप्रेरकांचे ठोके कमी करतो. मग मेंढी माजावर येत नाही, किंवा आली तरी एकच अंडं सुटतं. दूध पाजणारी, खंगलेली मेंढी पुन्हा लवकर फळत नाही, त्याचं कारण हेच.

इथं तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली, आज अंगावर किती आहे. दुसरी, अंग चढतंय की उतरतंय. दोन मेंढ्यांचा गुण सारखाच अडीच असेल, तर चढत्या मेंढीला जुळ्यांची शक्यता जास्त. तिसरी, नुकतंच पोटात काय गेलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात ल्युपिन या प्रथिनयुक्त कडधान्याचा खुराक माजाच्या चक्रात नेमक्या वेळी चार-सहा दिवस दिला, तरी अंडी सुटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तेवढ्यात वजन वाढलेलंही नव्हतं.

तीन आठवड्यांचा खुराक

मेंढीचं माजाचं चक्र साधारण १७ दिवसांचं. म्हणून नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे जादा खुराक देण्याची शिफारस असते. त्याला ‘फ्लशिंग’ म्हणतात. भरडलेला मका-ज्वारी आणि पेंड मिळून रोजचे साधारण २०० ते ३०० ग्रॅम धरले जातात. एकदम धान्य घातलं तर पोटात आम्ल वाढून मेंढी दगावू शकते, त्यामुळे थोड्यापासून सुरुवात करून आठवडाभरात पूर्ण मापावर यावं.

हिशेब सोपा आहे. १०० मेंढ्यांना रोज २५० ग्रॅमप्रमाणे २१ दिवस म्हणजे ५२५ किलो खुराक. पण ज्यांचा गुण आधीच तीनच्या वर आहे, त्यांना याचा फारसा उपयोग होत नाही. हात फिरवून समजा दोन-अडीच गुणांच्या ४० मेंढ्या वेगळ्या निघाल्या, तर काम २१० किलोत होतं. उरलेला ३१५ किलो गाभणपणाच्या शेवटी कामी येतो. एक गुण असलेली मेंढी मात्र तीन आठवड्यांत सावरत नाही. एक गुण वाढायला नीट चारा-खुराक देऊनही सहा-आठ आठवडे जातात.

नर बारा महिने खांडातच फिरत असेल तर तीन आठवडे मोजायचे कुठून? अशा वेळी हंगामच खूण देतो. पहिल्या पावसानं हिरवं उगवलं की बऱ्याच मेंढ्या माजावर येतात, हा निसर्गाचाच ‘फ्लशिंग’. या मेंढ्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात. खुराक द्यायचा तर उन्हाळ्याच्या शेवटी, अंग सर्वांत उतरलेलं असताना सुरू करावा.

नराचं बीज तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. त्यामुळे त्याचा खुराक दोन महिने आधी सुरू हवा. नर सोडायच्या दिवशी घातलेला खुराक त्या हंगामाला उपयोगी पडत नाही.

गाभणपणाचे पाच महिने

पहिला महिना मेंढी बेताच्या चाऱ्यावर, पण एकसारखी ठेवावी. उपासमार झाली तर गर्भ टिकत नाही. उलट या दिवसांत अति खुराक दिला, तर गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन यकृत झपाट्यानं रक्तातून काढून टाकतं आणि त्याची पातळी घटते. साधारण ९० दिवसांपर्यंत वार जवळपास पूर्ण वाढते. पुढं गर्भाला मिळणारं पोषण त्या वारेवर अवलंबून असतं.

खरा ताण शेवटच्या सहा आठवड्यांत. कोकराच्या जन्मवजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग याच काळात वाढतो. त्यात जुळी असतील तर पोटात चाऱ्याला जागा कमी आणि गरज जास्त. मग मेंढी स्वतःची चरबी जाळते, यकृतावर ताण येतो आणि रक्तात कीटोन वाढतात. ती खांडापासून बाजूला उभी राहते, चरत नाही, दिसत नसल्यासारखी धडपडते. हा जुळ्यांच्या गाभणपणातला आजार खंगलेल्या आणि अति लठ्ठ, दोन्ही मेंढ्यांना होतो. अशी लक्षणं दिसताच पशुवैद्यकाला बोलवावं, उशीर झाला तर मेंढी आणि कोकरं दोन्ही जातात.

‘सुवर्णा’ आणि जुळ्यांची किंमत

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हा प्रश्न दुसऱ्या बाजूनं हाताळला. सुंदरबनातल्या गारोळ या लहानशा मेंढीत जास्त अंडी सोडणारा ‘फेक-बी’ जनुक आहे. संकरातून तो दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. या जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांत शंभर वेतांमागे दीडशेच्या आसपास कोकरं मिळतात.

पण जनुक अंडी वाढवतो, चारा वाढवत नाही. जुळी पोसायला आईच्या कमरेवर साठा नसेल तर कोकरं हलकी जन्मतात, दूध पुरत नाही आणि मरतूक वाढते. म्हणून असं वाण घेणाऱ्यानं शेवटच्या सहा आठवड्यांच्या खुराकाची सोय आधी पाहावी, मग नर विकत घ्यावा.

घोडीचं गणित

धनगरांच्या वाड्यावर मेंढरांसोबत तट्टूही असतो. बिऱ्हाड, भांडी आणि नुकतीच जन्मलेली कोकरं त्याच्याच पाठीवर. भीमथडी घोड्यांची ओळखही याच भटकंतीत टिकून राहिली.

घोड्यासाठी १ ते ९ गुणांची पद्धत टेक्सासमधल्या हेनेकी आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. मान, वशिंड, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचा बुंधा अशा सहा जागा पाहायच्या. पाचपेक्षा कमी गुणांच्या घोड्या उशिरा फळतात आणि कमी फळतात, असं त्यांना आढळलं. बरगड्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, हा पाच गुण.

घोडी सुमारे ३४० दिवस गाभण असते. दर वर्षी शिंगरू हवं तर व्याल्यावर साधारण २५ दिवसांत ती पुन्हा फळली पाहिजे. नेमक्या याच दिवसांत दुधामुळे तिची ऊर्जेची गरज जवळपास दुप्पट होते. त्यामुळे अंग व्यायच्या आधीच धरलेलं हवं, मागाहून भरपाई होत नाही. दुसरा फरक म्हणजे घोडीला जुळी नकोतच, ती बहुधा गाभडतात. तिला खुराक द्यायचा तो वेळेवर माजावर यावी आणि गर्भ टिकावा म्हणून. लठ्ठ घोडीच्या खुरांना सूज येऊन ती लंगडण्याचा धोकाही असतो, म्हणून सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारात चकचकीत गोल घोडी पाहून भुलू नये.

हात कधी फिरवायचा

मेंढीवर वर्षातून चारदा : नर सोडण्याआधी सहा-आठ आठवडे, नर सोडताना, विण्याआधी सहा आठवडे आणि कोकरं तोडताना. घोडीवर व्यायच्या तीन महिने आधी आणि व्याल्यानंतर लगेच. प्रत्येक वेळी गुण वहीत लिहून ठेवला, तर पुढच्या वर्षी कुठली मेंढी ठेवायची आणि कुठली विकायची हेही त्या वहीतूनच कळतं.