तोफ, भोंगा आणि दुधाचे कॅन

स्मरणिकेसाठी गावाबद्दल लिहा, असा कमिटीचा आग्रह झाला. आपल्या सोसायटीत बहुतेकजण कुठून ना कुठून पोटासाठीच आलेले. मी परंड्याचा. नेमका गेल्या दिवाळीनंतर तिथला वाडा विकण्याच्या कामाने गेलो होतो, म्हणून हा लेख.

परंडा म्हटले की लोक किल्ला विचारतात. भुईकोट, भोवती खंदक, आणि बुरुजांवर आजही तोफा. बहामनी वजीर महमूद गावानने तो बांधला असे मानतात. 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाला परंड्यातच निजामशाहीच्या गादीवर बसवले. म्हणजे आमचे गाव काही काळ चक्क राजधानी होते! विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफही मूळची आमच्याकडची. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे 14 फूट लांब. ती 1632 मध्ये परंड्याहून विजापूरला ओढून नेली. लहानपणी आजोबा हे असे सांगत, जणू कालच कोणी आमच्या दारातून बैल सोडून नेला.

दारूगोळ्याचा तो जमाना संपला आणि परंडा मागे पडले. पुढे तर सरहद्दच आडवी आली. परंडा निजामाच्या राज्यात आणि शेजारची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. मध्ये करोडगिरीचा नाका. 1897 साली कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे आणली. ती 1911 पर्यंत लातूरला पोचली. तिच्यामागे बार्शीची बाजारपेठ वाढली, कापडगिरण्या चालल्या. आमच्या गावाला ना रूळ, ना गिरणी. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, नाके उठले, आणि परंड्याची माणसे कामाला बार्शीला जाऊ लागली.

माझे मामा त्यांतलेच एक. गिरणीत साच्यावर होते. कॉलेजसाठी मी त्यांच्याच दोन खोल्यांत राहिलो. पहाटे भोंगा झाला की मामी स्टोव्ह पेटवायची आणि मी पुस्तक उघडायचो. कानात कापसाचे तंतू घेऊनच मामा घरी येत. 72 च्या दुष्काळात आमचे वडील खडी फोडायला जात होते, तेव्हा माझी फी मामांच्या पगारातून गेली. मला बँकेत नोकरी लागली ती त्या भोंग्याच्या जिवावर, हे मी कधी विसरलो नाही.

आता तो भोंगा नाही. 1974 साली देशातल्या आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांत बार्शीचीही होती. वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबल्या, त्या थांबल्याच. छोटी रेल्वे तर आधीच जाऊन ब्रॉडगेज आली होती. यावेळी बार्शीत उतरून गिरणीच्या भिंतीकडे पाहत थोडा वेळ उभा राहिलो. बाजूचा चहावाला म्हणाला, "काका, सुरू होणार म्हणतात." हे "म्हणतात" मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे.

परंड्याला पोचलो. वाड्याचे माळवद एका बाजूने खचलेले. गिऱ्हाईक ठरलेले होते, फक्त सही बाकी. रात्री जेवताना पुतण्या म्हणाला, "काका, पुढची ओसरी मला द्या. दूध संकलन केंद्र टाकतो. बँक कर्ज देते म्हणते, पण जामीन पाहिजे."

मी एकदम गप्प झालो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी सगळ्यांना एकच सल्ला दिला : कुणाला जामीन राहू नका. शिवाय एक जुनी गोष्ट टोचत होती. याच भागात शाखेत असताना एका तरुणाचा खव्याच्या भट्टीचा अर्ज मी परत पाठवला होता. शेरा माझ्याच हातचा : "परिसरास भवितव्य नाही." आज भूमचा खवा सर्वांना ठाऊक आहे. तो मुलगा पुढे कुठे गेला, ठाऊक नाही.

सकाळी पुतण्याने मला सीना-कोळेगावचे धरण दाखवले. उसाचे ट्रॅक्टर रस्त्याने चालले होते. पाणी दरवर्षी पुरत नाही, उसाने ते संपते, हेही त्यानेच सांगितले. कृष्णा खोऱ्याचे पाणी मराठवाड्यात येणार, या आशेवर एक पिढी म्हातारी झाली. आणि जिथे आमची छोटी रेल्वे संपायची त्या लातूरला आता रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना उभा आहे. म्हणजे सगळेच काही बुडालेले नाही.

हिशेब केला. आमची तोफ विजापूरकरांनी नेली, सरहद्द निजाम-इंग्रजांनी आखली, गिरणीचे निर्णय दिल्लीत झाले. पण दहा म्हशी पाळणारा शेतकरी आणि त्याचे दूध मोजणारा पोरगा, हे तरी गावातलेच आहेत. केंद्र चालेल की बुडेल, सांगता येत नाही. बँकेच्या भाषेत जोखीम मध्यम.

वाड्याची सही केली नाही. जामीनपत्रावर केली. सौ. अजून रागावलेली आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे प्लॉट घेतले, तेव्हा इथे ना नळ होता, ना रस्ता. तेव्हा आपल्यालाही कुणीतरी जामीन राहिलेच होते ना?