मनगटावरील घड्याळ आणि त्यावरचे ओरखडे

शाळामास्तराच्या मनगटावरील घड्याळाला सुखाचें आयुष्य लाभत नाहीं. फळ्याची चौकट, बाकाचा कोपरा, सायकलचा दांडा, अशा सर्वांशीं त्याची रोज झटापट होत असते. नोकरीच्या पहिल्या वर्षीं घेतलेलें माझें एच. एम. टी.चें किल्लीचें घड्याळ आजहि माझ्या हातावर आहे. त्याची कांच मीं एकदां बदलून घेतली. तरी आज तिच्यावर इतके ओरखडे आहेत कीं, उन्हांत धरली असतां कोळ्याचें जाळें पसरल्यासारखें दिसतें.

हे ओरखडे खडूच्या भुकटीनें पडले, असा माझा बरींच वर्षें समज होता. तो मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञामुळें दूर झाला. १८१२ सालीं त्यानें खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्या लावून दिल्या. वरच्या पायरीवरचा पदार्थ खालच्यावर चरा पाडतो, असा त्याचा नियम. या हिशेबानें साधी कांच पांचवी व सहावी यांच्या मध्यें बसते, गारगोटी सातव्या पायरीवर आणि हिरा दहाव्या. खडू बिचारा तिसरीच्या वर चढत नाहीं. खरी अपराधी रस्त्यावरची धूळ. तिच्यांत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात, आणि आपण मोठ्या काळजीनें रुमाल घेऊन कांच पुसतों, तेव्हां तेच कण तिच्यावर घासीत असतों!

घड्याळ खिशांत होतें तोंवर हा प्रश्न फारसा भेडसावीत नव्हता. साखळीनें बांधलेलें तें घड्याळ कापडाच्या उबेंत निजलेलें असे, आणि कांहींना तर कांचेवर धातूचें झांकणहि असे. मनगटावर घड्याळ बांधणें हा युरोपांत बहुधा स्त्रियांचाच अलंकार समजला जाई. १९१४ च्या महायुद्धानें ही समजूत पालटली. खंदकांतील सैनिकाला कोटाची बटणें सोडून घड्याळ काढण्यास सवड कोठली? तोफांचा मारा थांबणें आणि पायदळानें पुढें सरणें, हें सारें ठरल्या मिनिटाला व्हावयाचें. घड्याळ मनगटावर आलें आणि त्याची कांच फुटूं लागली. मग कांचेवर धातूची जाळी बसविण्यांत आली. वेळ पाहावयाची ती गजांआडून! कोणीं कांचेऐवजीं सेल्युलॉइड बसविलें. तें फुटत नसे; पण त्यावर चरे पडत, कालांतरानें तें पिवळें होई, आणि पेटहि लौकर घेई. कठीण घ्यावें तर फुटतें आणि मऊ घ्यावें तर ओरखडतें, हा पेंच घड्याळ करणाऱ्यांच्या पुढें तेव्हांपासून आहे.

या पेंचांतून निघालेल्या सर्वांत चतुर युक्तीचा उगम आपल्या देशांत झाला, हें पुष्कळांना ठाऊक नसेल. १९३० च्या सुमारास सेझार द त्रे नांवाचा स्वित्झर्लंडचा एक व्यापारी हिंदुस्थानांत आला होता. येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना पोलोचें मोठें वेड. घोडा भरधांव, हातांत लांब काठी, आणि लाकडी चेंडू कोठून येऊन आदळेल याचा नेम नाहीं. असें सांगतात कीं, सामना आटोपून आलेल्या एका अधिकाऱ्यानें आपलें फुटक्या कांचेचें घड्याळ त्याच्या पुढें धरलें आणि ‘हा खेळ सोसेल असें घड्याळ करून दाखवा’ असें त्याला आव्हान दिलें. द त्रे यानें हें कोडें जाक-दाव्हिद लकूल्त्र या कारखानदारापुढें ठेवलें. तें सोडविलें रने-आल्फ्रेद शोव्हो या अभियंत्यानें, आणि ४ मार्च १९३१ रोजीं पॅरिसमध्यें त्याच्या पेटंटसाठीं अर्ज दाखल झाला. घड्याळाची चौकोनी डबी एका चौकटींत अशी बसविलेली कीं, ती बाजूस सरकवून उलटी करतां येई. तबकडी मनगटाकडे जाई आणि धातूची पाठ बाहेर येई. परीक्षेंत शेजाऱ्यानें पाहूं नये म्हणून उत्तरपत्रिका पालथी घालून बसणारा विद्यार्थी आठवावा! या घड्याळाला ‘रिव्हर्सो’ असें नांव मिळालें.

पुढें मात्र मौज झाली. जी पाठ ओरखडे झेलण्यासाठीं केली होती, तिच्या सपाट धातूवर लोक आपलीं नांवें, आद्याक्षरें, घराण्यांचीं चिन्हें कोरून घेऊं लागले.

त्यानंतर कांचेच्या जागीं ॲक्रिलिक आलें. माझ्या घड्याळाची ‘कांच’हि वस्तुतः तीच. १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें बंगळूरांत एच. एम. टी.ची घड्याळें होऊं लागलीं, आणि हिंदुस्थानांतील असंख्य घरांतलें पहिलें घड्याळ तें ठरलें. ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात, पण त्याच्या ठिकऱ्या उडत नाहींत. याच गुणामुळें १९६९ सालीं चंद्रावर गेलेल्या ओमेगा घड्याळाची कांचहि याच जातीची होती. याउलट कृत्रिम नीलमण्याची कांच नवव्या पायरीवरची. फ्रान्समधील व्हर्न्यूय यानें १९०२ सालीं ज्वाळेंत माणिक घडविण्याची रीत प्रसिद्ध केली, त्याच रीतीनें पुढें नीलमणिहि होऊं लागला. धुळीला ती कांच दाद देत नाहीं. फरशीवर कोपऱ्यावर पडली तर मात्र तडकते.

कांच बदलतां येते. ॲक्रिलिकवरचे बारीक चरे तर टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानें घासले तरी जातात. मीं हा उद्योग कैक रविवारीं केला आहे. धातूचें तसें नाहीं. धातूला झिलई देणें म्हणजे त्याचा थर काढणें. सोन्याचा मुलामा बहुधा दहा-वीस मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहूनहि कमी. दोन वेळां चाकावर धरला कीं खालचें पितळ दिसूं लागतें. पोलादाच्या कडा गोल होतात. यामुळेंच जुन्या घड्याळांचे संग्राहक कधींहि झिलई न दिलेल्या घड्याळाला अधिक किंमत देतात.

हें मला फार उशिरां कळलें. माझे वडील पोस्टांत होते. ते निवृत्त झाले तेव्हां त्यांच्या सोबत्यांनीं वर्गणी काढून त्यांना एक पोलादी घड्याळ दिलें, आणि मागच्या झांकणावर त्यांचें नांव व तारीख कोरून घेतली. अक्षरें हातानें कोरलेलीं, थोडीं वांकडीं, आणि फारशीं खोल नव्हतीं. वडील गेल्यावर मीं तें एका घड्याळजीकडे नेलें आणि ‘अगदीं नव्यासारखें करून द्या’ असें सांगितलें. त्यानें सांगितल्याप्रमाणें केलें. घड्याळ आरशासारखें झळकत होतें, आणि मागें एकहि अक्षर नव्हतें. ताईनें तें हातांत घेतलें, उलटून पाहिलें, आणि कांहीं न बोलतां टेबलावर ठेवलें. नांव आम्हांला ठाऊक होतें, तारीखहि पाठ होती. तीं वांकडीं अक्षरें मात्र पुन्हां कोरून मिळण्यासारखीं नव्हतीं.

गेल्या महिन्यांत माझ्या घड्याळाची किल्ली ढिली झाली म्हणून एका दुकानांत गेलों. तेथील तरुणानें तें उलटसुलट पाहिलें आणि म्हणाला, “आजोबा, कांच नवी टाकतों, झिलईहि मारून देतों. ओळखूं येणार नाहीं.” मीं म्हणालों, “किल्ली तेवढी बसवून द्या.” त्यानें एकवार माझ्याकडे पाहिलें, डोळ्याला भिंग लावलें आणि मागचें झांकण उघडलें.