न्हावा-शेव्यावरील संगणकाची सांथ

विंचूर म्हटलें कीं इतिहासप्रेमी मनुष्यास विठ्ठल शिवदेवांची सरदारी आठवते. निफाड तालुक्यांतील शेतकऱ्यास मात्र तेथला कांद्याचा उपबाजार अधिक जवळचा. लासलगांव बाजारसमितीच्या त्या आवारांतील जो माल परदेशीं जावयाचा, त्याची वाट बहुधा कसाऱ्याचा घाट उतरून न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे वळते. कांदा नाशवंत, धक्क्यावर त्याला विलंब सोसत नाहीं. आणि याच बंदरांतील एक धक्का 2017 सालीं, वादळ नाहीं, संप नाहीं, अशा वेळीं अडून बसला.

त्या वर्षीच्या 27 जून रोजीं मर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीच्या समूहाकडून चालणाऱ्या गेटवे टर्मिनल्स या धक्क्याचे संगणक बंद पडले. कोणती पेटी कोणाची, ती कोठें ठेविली आहे, कोणत्या जहाजावर चढवावयाची, हें सांगणारी व्यवस्थाच मुकी झाली. पेट्या जागच्या जागीं होत्या. हरवली होती ती त्यांची ओळख. हातानें नोंदी ठेवून काम रेटण्याचा प्रयत्न झाला. पण वर्षाला 18 लक्ष वीसफुटी पेट्या हाताळण्याची ज्या धक्क्याची क्षमता, तेथें कागद-पेन्सिल कितीशी पुरणार?

रोगाचें मूळ युक्रेनांत होतें. तेथें सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी प्रणालीच्या नव्या आवृत्तीबरोबर तो घरांत शिरला. पुढें त्याला ‘नॉटपेट्या’ असें नांव पडलें. विंडोजमधील ज्या छिद्रांतून तो पसरे, त्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच प्रसिद्ध केली होती. परंतु एका रोगी यंत्राच्या स्मृतींतून परवलीचे शब्द चोरून तो डागडुजी केलेल्या यंत्रांतही घुसे.

अशा रोगांचा इतिहास तसा जुना आहे. 1986 सालीं लाहोरांत जन्मलेला ‘ब्रेन’ हा तबकडीच्या आरंभींच्या भागांत स्वतः ठाण मांडी. मात्र मूळचा भाग तो दुसरीकडे जपून ठेवी. तो परत जागेवर आणला कीं तबकडी बरी होई. चोर असला तरी सभ्य म्हणावयाचा! नॉटपेट्याचें तसें नव्हतें. डिस्कवरील सर्व फाइलींची जी मुख्य सूची, तीच तो कुलूपबंद करी आणि किल्ली कोणाच्याही हातीं राहूं देत नसे. पडद्यावर 300 डॉलरची मागणी दिसे, पण ती भरूनही कांहीं परत मिळण्याजोगें नव्हतें. खंडणीचें तें सोंग होतें. हेतु नासधुशीचा होता. विंडोजमध्यें बिघडलेल्या व्यवस्था-फाइली शुद्ध प्रतींशीं ताडून बदलण्याची सोय आहे. पण सूचीच गेल्यावर ताडणार काय आणि कशाशीं?

म्हणून मर्स्कला रोग काढून भागलें नाहीं. सारें घरच नव्यानें उभारावें लागलें. 4,000 सर्व्हर, 45,000 संगणक, 2,500 प्रणाली, आणि अवधि दहा दिवसांचा, असा आंकडा कंपनीच्या अध्यक्षांनीं पुढें दिला. त्यांतही एक अडचण जीवघेणी निघाली. कोणी कोठें प्रवेश करावा याची नोंद ठेवणारीं सुमारें दीडशें यंत्रें परस्परांच्या प्रती बाळगीत; एक गेलें तर दुसरें आहे, हा हिशेब. सगळींच एकदम जातील हें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें, आणि तीं गेलीं. वांचलें एकच, घानामधलें. कारण हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेली होती! तेथून तारेनें प्रत पाठवावी तर वेग अपुरा. माणूस धाडावा तर ब्रिटनचा परवाना कोणापाशीं नाहीं. अखेर एकानें ती डिस्क घेऊन नायजेरिया गांठलें, तेथें दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि त्यानें ती विमानानें लंडनला नेली. त्या एका प्रतीवरून जगभरच्या व्यवस्थेचा पाया पुन्हा घातला गेला.